घरची लक्ष्मी आणि सातबाराचा उतारा

अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, वाघूर नदीच्या खोऱ्यात, फर्दापूर हे गाव वसलेले आहे. लेणी पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाला हे गाव वाटेवर लागते. मोगलाईतील जुनी सराई व घाटाचा देखावा पाहून तो पुढे जातो. शेतकऱ्याने मात्र तेथे थोडे थांबून रस्त्याच्या दोहों बाजूंच्या शेतांकडे पाहावे. कार्तिक-मार्गशीर्षात ही शेते कापसाने पांढरी होतात, आणि त्या पांढऱ्या रानात सकाळच्या दंवापासून दिवस कलेपर्यंत ज्या आकृती वाकलेल्या दिसतात त्या बहुतेक सर्व बायकांच्या असतात. कमरेला ओटी बांधून त्या एकेक बोंड वेचतात. ओटी भरली की बांधावर रिकामी करतात आणि पुन्हा ओळीला लागतात. बोटांना बोंडाच्या वाळलेल्या नख्यांचे ओरखडे, डोक्यावर ऊन आणि पाठीला बाक, असा त्यांचा दिवस जातो.

आता ह्याच शेतांचे सातबाराचे उतारे काढून पाहावेत. शेतात जिचे हात दिसले तिचे नाव उताऱ्यावर क्वचितच सापडेल. ही गोष्ट एकट्या फर्दापूरची नाही. आपणा सर्वांच्या गावची हीच कथा आहे. आपण सभांतून व लग्नमंडपांतून गृहिणीला घरची लक्ष्मी म्हणतो, तिच्या सोशिकपणाचे गोडवे गातो. पण स्तुतीला पैसा पडत नाही, आणि स्तुतीने संकटकाळी कोणाचे रक्षणही होत नाही. तिच्या सोशिकपणाची स्तुती करून थांबण्याचा काळ आता गेला. तिचे नाव आपल्या हयातीत जमिनीच्या दप्तरी लावणे हेच त्या स्तुतीचे खरे मोल होय, एवढेच ह्या लेखात वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

कामाची वाटणी

कापसाच्या पिकाचा हिशेब पाहा. नांगरट, वखरणी व पाळ्या ही औतांची आणि आता ट्रॅक्टरची कामे पुरुषांची. परंतु सरकी टोकणे, तूट भरणे, विरळणी, दोन-तीन वेळची निंदणी, झाडाच्या बुडाशी खत देणे, फवारणीसाठी दुरून पाणी वाहून आणणे, चार-पाच वेळची वेचणी आणि अखेरीस चुलीसाठी पऱ्हाटी गोळा करणे ही सर्व कामे मुख्यतः बायकांच्या हातची आहेत. ह्या कामांना यंत्राची मदत जवळजवळ नाही. बैल गेले व ट्रॅक्टर आला तेव्हा पुरुषाचे श्रम हलके झाले. निंदणाऱ्या व वेचणाऱ्या हाताचे ओझे मात्र होते तेवढेच राहिले.

ह्यांत घरकाम धरलेले नाही. पहाटेचे पाणी, चूल, भाकरी, मुले, म्हातारी माणसे, गुरांचे शेण व दूध हे सारे शेताला जाण्यापूर्वी आणि शेतावरून आल्यानंतर करावयाचे असते. ज्या घरी जमीन थोडी असते तेथील बाई स्वतःचे शेत आटोपून दुसऱ्याच्या शेतात किलोवर वेचणीला जाते, आणि त्या मजुरीतून किराणा व मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागतो.

एवढे असून शेतकरी कोण, असे विचारले की आपण पुरुषाकडे बोट दाखवितो. 2015-16 च्या कृषिगणनेत आपल्या देशातील एकूण वहितीदार खातेदारांत स्त्रिया शेकडा सुमारे 14 एवढ्याच आढळल्या. ह्यांतही ज्यांच्या नावावर जमीन पतीच्या मृत्यूनंतरच आली अशा अनेकजणी असतात. म्हणजे हातांची मोजदाद केली तर एक उत्तर येते आणि दप्तराची केली तर दुसरे.

परदेशांतील स्थिती

हे दुःख आपल्याच देशातील किंवा आपल्याच धर्मातील स्त्रियांचे आहे असे कोणी समजू नये. एस्टर बोसरूप ह्या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ विदुषीने 1970 साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, आफ्रिकेच्या मोठ्या भागात शेती मुख्यतः स्त्रियाच करीत आल्या. परकी राज्यकर्त्यांनी नवी अवजारे, नवे शिक्षण व जमिनीचे कागद मात्र पुरुषांच्या हाती दिले. त्यामुळे सुधारणा होत गेली तसतशी स्त्री मागे पडली. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2011 साली असा अंदाज मांडला की, स्त्रियांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांच्या शेतांतील उत्पन्न शेकडा 20 ते 30 वाढू शकेल. ज्याला न्यायाची भाषा पटत नाही त्याने निदान ह्या उत्पन्नाच्या भाषेचा विचार करावा.

इंग्लंडसारख्या पुढारलेल्या देशातही 1882 च्या कायद्यापूर्वी विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर बहुतांशी पतीचीच सत्ता चाले. ह्या संदर्भात फर्दापूरशी निगडित असलेल्या एका इंग्रज बाईची आठवण होते. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही चित्रकर्ती 1909 ते 1911 ह्या काळात हिवाळ्यांत फर्दापूरला तळ देऊन राहिली होती. नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकारांना बरोबर घेऊन तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या 1915 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. वडिलांकडून आलेले धन तिच्या स्वतःच्या हाती होते, आणि त्यातूनच 1903 साली तिने आपल्या देशातील कलाकृती जपण्यासाठी निधी उभारण्यास पहिली रक्कम दिली होती. स्त्रीच्या हाती स्वतःचे काही असले म्हणजे ती ते कोणत्या कार्यी लावू शकते, ह्याचे हे उदाहरण आपल्याच गावाच्या शिवारात घडलेले आहे. त्या वेळी आसपासच्या रानांत राबणाऱ्या बायकांच्या हाती मात्र स्वतःचे असे काहीच नव्हते.

आफ्रिकेतील रवांडा देशात 1994 साली भयंकर नरसंहार झाला. असंख्य घरांत कर्ता पुरुष उरला नाही. विधवा व मुली शेत कसू लागल्या, पण रूढीप्रमाणे जमीन पुरुष वारसाकडे जाई. तेव्हा त्या देशाने 1999 साली कायदा करून मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा दिला, आणि पुढे जमिनींची नव्याने नोंदणी करताना कायदेशीर विवाह झालेल्या पती-पत्नींची नावे एकत्र लावली. इथिओपियात तर काही प्रांतांतून जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांची छायाचित्रे लावण्याची पद्धत सुरू झाली. हे देश आपल्याहून गरीब आहेत. त्यांना जे साधले ते आपणास न साधण्याचे कारण नाही.

बहिणाबाईंचे उदाहरण

फर्दापूरहून उत्तरेस गेले की थोड्याच वेळात जळगावचा मुलूख लागतो. 1948 पर्यंत अलीकडे निजामाचे राज्य व पलीकडे इंग्रजी खानदेश अशी सीमा होती, पण काळी माती व कापूस दोहींकडे सारखाच. ह्या मुलुखातील आसोदे गावी 1880 साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावास आल्या, आणि तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी तीन मुले, त्यांपैकी एकाला प्लेगाच्या आजारातून कायमचे अपंगत्व आलेले. ह्या बाईने अक्षरओळख नसताना शेत व संसार दोन्ही सांभाळले, आणि काम करता करता जी गाणी म्हटली ती मुलगा सोपानदेव व मावसभाऊ ह्यांनी टिपून ठेवली. बहिणाबाई 1951 साली वारल्या. 1952 साली आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले, आणि एक शेतकरीण काय विचार करीत होती हे महाराष्ट्राला कळले.

बहिणाबाईंचे धैर्य थोर होते, ह्यात संशय नाही. पण त्यांच्यासारख्या तिशीतच कुंकू पुसले गेलेल्या, लहान मुले पदरी घेऊन पेरणीला उभ्या राहिलेल्या बायका प्रत्येक गावात होत्या व आहेत. त्यांची गाणी कोणी टिपून घेतली नाहीत. बाई सोसते हे पाहून आपण असे मानू लागलो की तिला सोसावयास लावण्यात काही वावगे नाही. हा विचार सोडला पाहिजे.

कर्ता पुरुष गेल्यावर

उदाहरणादाखल एक कुटुंब कल्पावे. चार एकर कोरडवाहू जमीन सासऱ्याच्या नावावर आहे. मुलगा ती कसतो, बँकेचे व सावकाराचे कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, आणि दोन वर्षे पिकाने दगा दिल्यावर तो जीव देतो. दहाव्या-तेराव्यापर्यंत नातेवाईक जमतात, मग आपापल्या घरी जातात. बाईच्या पुढे प्रश्नांची रांग उभी राहते. शेत कोणी पेरावयाचे? तिला पीककर्ज कोण देणार? तिच्या नावे उतारा नाही, म्हणून बँक व सोसायटी तिला ओळखत नाहीत. 2019 साली सुरू झालेला, वर्षाला 6000 रुपयांचा केंद्र सरकारचा शेतकरी सन्मान निधी नावावर जमीन असलेल्या कुटुंबालाच आहे. पीकविमा, अनुदान व शेतकरी ओळख क्रमांक ह्या सर्वांचे मूळ जमिनीच्या नोंदीतच असते. दिराच्या मनात आले तर तो तिला माहेरी जा म्हणतो, आणि माहेरी भाऊ म्हणतो की तुझे घर तेच.

हे केवळ कल्पनेचे चित्र नाही. महिला किसान अधिकार मंच ह्या संस्थेने 2018 साली विदर्भ व मराठवाड्यातील 11 जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या 505 पत्नींची पाहणी केली. त्यांपैकी शेकडा 40 जणींना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क तोपर्यंत मिळालेला नव्हता. घरधनी गेला ते दुःख दैवाचे म्हणता येईल. पण त्यापाठोपाठ येणारे हे दुसरे दुःख आपल्या माणसांनीच दिलेले असते.

नावावर काही असले तर फरक पडतो, ह्याचाही पुरावा आहे. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रदीप पांडा व बीना अगरवाल ह्यांनी 2005 साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावे जमीन नव्हती व घरही नव्हते अशांपैकी शेकडा 49 जणींनी पतीकडून मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावे जमीन व घर दोन्ही होते अशांत हे प्रमाण शेकडा 7 होते. बिहारमधील बोधगया येथे महंताच्या जमिनींसाठी लढा झाला तेव्हा तेथील भूमिहीन बायकांनी हाच अनुभव पुढे करून पट्टे स्वतःच्या नावे मागितले, आणि पुढे काही गावांतून ते त्यांना मिळालेही.

चांदवडची हाक

आपल्या महाराष्ट्रात हा विषय शेतकऱ्यांच्याच चळवळीने पुढे आणला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले. खेड्यापाड्यांतून लाखोंच्या संख्येने बायका तेथे जमल्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी ह्यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. त्यांचे म्हणणे साधे होते. आपल्या घामाचे दाम मिळत नाही म्हणून शेतकरी सरकारला दोष देतो, पण त्याच्या घरची बाई जन्मभर राबते तिच्या घामाचे दाम त्याने तरी कोठे दिले? तेव्हा त्याने प्रथम ह्या ऋणातून मुक्त व्हावे आणि आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावा. ज्या गावात निदान शंभर कुटुंबे असे करतील त्या गावाला लक्ष्मीमुक्ती गाव म्हणून गौरवावयाचे, असे ठरले. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्यांपैकी एक. ह्या शेतकऱ्यांवर कायद्याची सक्ती नव्हती. त्यांनी ते आपखुशीने केले.

ह्यानंतर 1992 साली राज्य शासनाने लक्ष्मीमुक्ती योजनेचे परिपत्रक काढले. त्यानुसार पतीने अर्ज केल्यास त्याच्या खात्यावरील जमिनीत पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षांत स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने धाराशिव व आसपासच्या जिल्ह्यांतील बायकांना घरच्या शेतातील एखादा एकर स्वतःच्या विचाराने कसण्यासाठी मागून घेण्यास शिकविले. त्या एकरात त्यांनी विकावयाच्या एकाच पिकाऐवजी ज्वारी-बाजरी, कडधान्ये व भाजीपाला थोड्या पाण्यावर घेतला. नगदी पीक बुडाले तरी त्या घरची चूल विझली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने 2016 साली ह्या कामाचा गौरव केला. एक एकर विश्वासाने दिला तर बाई काय करते, ह्याचे उत्तर त्यात आहे.

कायदा काय सांगतो

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने (तो बौद्ध, जैन व शीख ह्यांनाही लागू आहे) विधवा, मुलगा, मुलगी व आई हे पहिल्या वर्गाचे वारस ठरविले आणि स्त्रीला मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. वडिलांच्या आधी वारलेल्या मुलाची विधवा हीही पहिल्या वर्गाची वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 साली व सर्व देशाने 2005 साली दिला. वडील 2005 साली हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. मुसलमान कुटुंबांत शरियतेप्रमाणे मुले असलेल्या पतीच्या मिळकतीत विधवेचा आठवा हिस्सा असतो, आणि मुलीला मुलाच्या निम्मा वाटा असतो. फर्दापुरात सर्व धर्मांचे शेतकरी नांदतात. बाईला काहीच देऊ नये असे कोणाच्याही शास्त्रात वा कायद्यात लिहिलेले नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, जमीन सगळ्या घराचीच आहे, नावाने काय होते? नावाने काहीच होत नसेल तर ते लावण्यास हरकतही नसावी. परंतु नाव असले म्हणजे सोसायटीचे सभासदत्व, मत व कर्ज ह्यांची वाट मोकळी होते, हे आपण सर्व जाणतो. आपल्या संस्थांच्या सभांतून बायका दिसत नाहीत त्याचे एक मोठे कारण उताऱ्यावर त्यांची नावे नाहीत हेच आहे.

दुसरा आक्षेप तुकड्यांचा. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 पासून कायदा आहे व तो हेतू योग्यच आहे. पण सहधारक म्हणून नाव लावल्याने शेतात बांध पडत नाही. शेत तेच राहते, धनी दोन होतात. चार भावांत वाटणी करताना ज्यांना तुकड्यांची भीती वाटत नाही त्यांना ती बहिणीच्या वेळीच आठवावी, हे नवल आहे.

तिसरा आक्षेप विधवेच्या पुनर्विवाहाचा. तरुण सून जमीन घेऊन जाईल असे म्हणतात. पतीच्या मिळकतीत एकदा मिळालेला हक्क पुढे विवाह केल्याने जात नाही, असा आजचा कायदा आहे, आणि तो न्याय्य आहे. पुरुषाने दुसरे लग्न केले म्हणून त्याचे शेत कोणी काढून घेत नाही.

चौथी गोष्ट आक्षेपाची नसून रूढीची आहे. वडील वारले की बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. बहीणही माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून सही करते. तिने आपखुशीने सोडले तर प्रश्न नाही. परंतु साडीचोळीच्या मोबदल्यात व भाऊबीजेच्या आशेने घेतलेली सही ही खुशीची सही आहे काय, ह्याचा प्रत्येक भावाने आपल्याशी विचार करावा.

काय करावे

ज्याला ही गोष्ट पटली असेल त्याने पुढील कामे लांबणीवर टाकू नयेत. पहिले, स्वतःच्या खात्यावरील जमिनीत पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचा अर्ज तहसील कार्यालयात करावा, व नोंद झाल्याचा फेरफार आणि नवा उतारा हाती घ्यावा. जमीन वडिलोपार्जित व सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांशी बोलून, जाणकार वकिलाचा सल्ला घेऊन पाऊल टाकावे. दुसरे, घरात कोणी वारले असेल तर तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि त्यात विधवेचे व मुलींचे नाव गाळू नये. तिसरे, पासबुक, कर्जाचे कागद, विम्याची पावती व उतारे कोठे आहेत आणि देणेघेणे किती आहे, हे पत्नीला सांगून ठेवावे. पुष्कळ घरांत सावकाराचे देणे किती हे बाईला नवऱ्याच्या मृत्यूनंतर कळते. चौथे, आपल्या सोसायटीने निदान एका सभेत हा विषय घ्यावा व ज्यांची नावे लागली अशा बायकांना सभासद करून घ्यावे. उताऱ्यावरील नोंद हा महसुली दप्तराचा पुरावा आहे, त्यानेच सर्व मालकी सिद्ध होते असे नाही, हेही ध्यानी असावे. पण ज्याच्या हाती तोही नाही त्याचे कोठेच चालत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. असल्या वर्षांत सभा होतात, फलक लागतात, आणि वर्ष सरले की फलक उतरतात. उताऱ्यावरील नाव मात्र वर्ष सरले म्हणून उतरत नाही.

भाद्रपदात मराठवाड्यातील घरोघरी महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस त्यांना नवी लुगडी, दागिने व सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो, आणि तिसऱ्या दिवशी त्यांची बोळवण होते. जी लक्ष्मी बोळवण न होता वर्षभर घरात राहते, पहाटे उठते, ओटी बांधून रानात जाते आणि दिवेलागणीला परतते, तिची आठवण त्या दिवशी ठेवावी. पुढच्या महालक्ष्म्यांपूर्वी आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरच्या उताऱ्यावर दुसरे नाव लागलेले असेल, त्यांच्या घरी त्या दिवशीचा नैवेद्य खऱ्या अर्थाने गोड होईल.